महर्षी शिंदे यांचा अर्धपुतळा : शेडमधल्या नोंदी

१९ जानेवारी २०२५

काम घेतलं. कोल्हापुरातल्या एका कॉलेजच्या माजी विद्यार्थी मंडळाला आवारात महर्षी विठ्ठल रामजी शिंदे यांचा ब्राँझचा अर्धपुतळा बसवायचाय. उंची तीन फूट. माती ते धातू माझ्याकडे, चौथरा, पाटी आणि परवानग्या मंडळाकडे. ठरले ३ लाख २५ हजार, त्यातले ८० हजार आज मिळाले. जूनअखेर देतो म्हणालो. हे वाक्य बोलायला नको होतं.

मंडळातले चार-पाच जण तत्त्वज्ञान शिकलेले. त्यांचं म्हणणं असं की शिंद्यांचं नाव निघालं की अस्पृश्यांच्या उन्नतीसाठी काढलेलं १९०६ चं डिप्रेस्ड क्लासेस मिशन तेवढं सांगितलं जातं. हा माणूस फर्ग्युसनमधून बी.ए. होऊन १९०१ साली ऑक्सफर्डच्या मँचेस्टर कॉलेजात धर्माचा तौलनिक अभ्यास करायला गेला आणि १९०३ ला परत येऊन प्रार्थना समाजाचा प्रचारक झाला, ही बाजू राहून जाते. पुतळ्यात ती दिसली पाहिजे. मी हो म्हणालो. छातीपर्यंतच्या पुतळ्यात, हात नाहीत, पुस्तक नाही, तिथे ती कशी दाखवायची हे घरी आल्यावर सुचेना.

२६ जानेवारी

फोटो आले. एकच चेहरा, समोरून, आणि तोही छापील पुस्तकातून मोबाइलवर काढलेला. मोठा केला की नाक-डोळे जाऊन छपाईचे ठिपके उरतात. बाजूचा फोटो नाही, पाठीमागचा तर प्रश्नच नाही. मंडळाला सांगितलं की बाजूचा चेहरा मी अंदाजाने करणार आणि तो चुकीचा वाटला तर मातीतच सांगा. कागदावर सही घेतली. असं काम घेणाऱ्याने ही सही घ्यावीच.

२ फेब्रुवारी

सांगाडा. दीड इंची पाइप, खाली फ्लँज, पाटावर चार बोल्ट. डोक्यात माती धरून राहावी म्हणून लाकडी फुली टांगली. शेडमध्ये तांब्याची तार संपली होती, लक्ष्मीपुरीत जायचा कंटाळा केला आणि बांधकामाची बाइंडिंग वायर वापरली. वाचले अंदाजे १५० रुपये. पुढे वाचा.

१६ फेब्रुवारी

दोनशे किलोच्या आसपास माती चढली. डोकं सव्वापट धरलंय. चेहरा चौथ्या दिवशीच पकडीत आला. दाढीवाल्या चेहऱ्याचा हा फायदा की जबड्याचा अंदाज चुकला तरी झाकून जातो.

अडकलं ते डोक्यावरच्या पागोट्याशी. समोरून घड्या दिसतात, मागे काय होतं ते कोण सांगणार? महाद्वार रोडवरून फेटा बांधणाऱ्या एका काकांना शेडवर आणलं, माझ्या मदतनिसाच्या डोक्यावर फेटा बांधून घेतला आणि मागच्या घड्या, पाठीवर सोडलेला शेव, सगळं त्यावरून मातीत उतरवलं. देखणं झालं. मी दिवसभर खूश.

१७ फेब्रुवारी

मंडळाचे सचिव सर आले. पुतळ्याला एक फेरी मारली आणि मागे थांबले. म्हणाले, "समोरून महर्षी आहेत ओ, पण मागून खासबाग मैदानातले पाहुणे वाटतात."

बरोबर होतं. कुस्तीच्या मैदानात पाहुण्यांना बांधतात तसा मी कोल्हापुरी फेटा केला होता. शेव काढला, मागच्या घड्या दाबून आडव्या केल्या. दोन दिवस गेले. काकांचे ५०० रुपये गेले ते वेगळेच.

९ मार्च

मंडळाची अकरा माणसं माती बघायला आली. शेडमध्ये ट्यूबलाइट, पुतळा फिरत्या पाटावर, म्हणजे चेहरा सगळ्यांच्या डोळ्यांसमोर. पाऊण तास चर्चा झाली. कोट की उपरणं? एकाला विलायतेची खूण म्हणून कोट आणि टाय हवा होता. दुसरा म्हणाला, मग पाटी वाचल्याशिवाय वकील वाटतील. शेवटी बंद गळ्याचा कोट आणि खांद्यावर उपरणं. धर्माचा अभ्यासक दाखवायचं माझं कोडं मी नजरेवर सोडवलं: नजर समोरच्या माणसावर नाही, किंचित खाली, वाचता वाचता थांबल्यासारखी. हे सगळ्यांना पटलं. पास. सह्या झाल्या.

एक निवृत्त इंजिनिअर होते, त्यांनी आतलं लोखंड कसलं हे तीनदा विचारलं. २६ ऑगस्ट २०२४ ला मालवणचा पुतळा पडल्यापासून प्रत्येक कमिटीत असा एक माणूस असतो. असावाच. धातूच्या आत स्टेनलेस स्टील असेल असं लिहून दिलं.

१६ मार्च

चारही बाजूंचे फोटो, मापं आणि धातूचं प्रमाण मंडळाला दिलं. खासगी संस्थेचं आवार असलं तरी परवानगी चुकत नाही. राज्य सरकारच्या २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांप्रमाणे मातीच्या नमुन्याला कला संचालनालयाची मान्यता लागते, आणि जिल्हाधिकाऱ्यांकडे पोलिसांचा अभिप्राय वगैरे कागद जोडून प्रस्ताव जातो. मान्यता येईपर्यंत साचा काढायचा नाही. म्हणजे माती ओली ठेवत बसायचं.

१२ एप्रिल

जोतिबाची यात्रा. मदतनीस तीन दिवस आधीच डोंगरावर. ओली फडकी मी बदलायची होती, एक दिवस विसरलो. आज प्लॅस्टिक काढलं तर उपरण्याच्या कडेला बोटभर भेग, आणि हनुवटी खाली आल्यासारखी वाटली. कॅलिपरने मापलं, अर्धा इंच खाली.

मानेत चाकू घातला. बाइंडिंग वायर दहा आठवडे ओल्या मातीत राहून गंजून तुटली होती आणि फुली घसरली होती. तांब्याची तार असती तर काही झालं नसतं. दीडशे रुपये.

१४ एप्रिल

डोकं गळ्यापासून कापून उतरवलं. नवीन फुली, तांब्याची तार. पुन्हा चढवण्याआधी शेड धुवायची म्हणून पुतळा बाहेर काढला, आणि चिखल लागू नये म्हणून चार सिमेंटच्या पाइपांवर पाट ठेवून त्यावर ठेवला. डोकं नुसतं टेकवलं. दुपारचे बारा.

खाली उभं राहून वर बघितलं आणि पोटात गोळा आला. डोळे गायब. पागोट्याच्या कडेची सावली थेट गालापर्यंत. कपाळ आखडलेलं, दाढी भलतीच पुढे, आणि खाली वळवलेली नजर, जिच्यावर अकरा माणसं खूश होती, ती इथून झोप लागल्यासारखी दिसत होती.

या सगळ्या कामात सर्वात महाग चूक हीच. चौथरा साडेपाच फुटांचा ठरलेला मला जानेवारीपासून माहीत होता. तरी माती डोळ्यांच्या उंचीला केली, त्याच उंचीला दाखवली आणि त्याच उंचीला पास करून घेतली. ट्यूबलाइटचा उजेड समोरून येतो, सावली पाडतच नाही. आर्ट स्कूलमध्ये सरांनी हे शंभर वेळा सांगितलं होतं आणि मी शंभर वेळा मान डोलावली होती.

१५ ते २२ एप्रिल

पाइपांवरून खाली उतरवलाच नाही, उन्हातच काम केलं. सकाळी सात ते दहा आणि चार ते सहा, मध्ये माती सुकते.

केलेले बदल, कुणाला उपयोगी पडतील म्हणून लिहितो. मान पाच अंश पुढे झुकवली. पागोट्याची पुढची कड पाव इंच वर घेतली. वरची पापणी आतून खोल कापली आणि बुबुळात खाच करून वरच्या बाजूला मातीचा एक बारीक कण ठेवला, त्यावर उजेड पडतो आणि डोळा उघडा वाटतो. दाढी एक इंच मागे. हा चेहरा आता समोरासमोर बघितला तर विचित्र दिसतो, कपाळ मोठं, डोळे खड्ड्यात. खालून बघितला की माणूस दिसतो.

२३ एप्रिल

मंडळाला फोन. पास झालेली माती बदलली हे सांगताना जीभ जड झाली. सचिव सर रागावले नाहीत, शेडवर आले, पाइपांखाली उभे राहिले, दोन-तीन मिनिटं काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "आता वाचतायत." पण कागद पुन्हा पाठवावे लागणार. नवे फोटो, नवं पत्र. आठवडे मोजायचं सोडून दिलं.

२१ मे

मान्यता आली. दोन सूचना, कोटाच्या बटणांविषयी आणि कानाच्या पाळीविषयी. एका सकाळचं काम.

२७ मे

पाऊस यंदा मे महिन्यातच. साचा काढायला मातीवर सिलिकॉन रबर लावलं, चार हात, १२ किलो, ११,४०० रुपये. त्यावर प्लास्टरचं कवच, चार तुकड्यांत. प्लास्टर चार दिवस झाले तरी हाताला गार लागतंय. पंखे लावले. वीजबिल मंडळाला लावायचं धाडस झालं नाही.

१५ जून

मेण. रबराच्या साच्यात ओतून, उलटवून, पुन्हा ओतून. जाडी सहा मिलिमीटर धरली होती, छातीच्या आतल्या कोपऱ्यात दहा-बारा झाली. मदतनीस म्हणाला, राहू द्या, मजबूत होईल. राहू दिली. पुढे मेण जाळून त्याच जागी धातू ओतायचा, म्हणून मेणाचा प्रत्येक जादा मिलिमीटर म्हणजे धातू, आणि धातू किलोवर मिळतो.

डोकं आणि धड वेगळे ओतायचे ठरले. चेहऱ्यावर जोड नको, म्हणून कापणी उपरण्याच्या घडीतून नेली.

६ जुलै

ओतकाम. फसलं.

कोल्हापुरात फाउंड्री म्हटलं तर दगड मारला तरी लागेल, पण त्या लोखंडाच्या, पंप आणि गाड्यांच्या भागांच्या. मूर्ती ओतणारे ओतारी मोजके. आमचे ओतारी काका शिरोलीकडे एका शेडमध्ये ओततात. धातू ८५-५-५-५ चं गनमेटल, म्हणजे तांबं ८५ टक्के आणि कथील, जस्त, शिसं पाच-पाच टक्के. १४० किलो घेतलं, ७२० रुपयांनी, १ लाख ८०० झाले.

मेणाभोवतीचा साचा प्लास्टर आणि विटांच्या भुकटीचा. तो भट्टीत भाजून आतलं मेण जाळायचं आणि ओल पूर्ण घालवायची. काका म्हणत होते दोन रात्री जाळ हवा. लाकूड पावसाने भिजलेलं, धूर जास्त आणि धग कमी. तिसाव्या तासाला मेणाचा वास थांबला, मी म्हटलं झालं. काकांनी साच्याच्या तोंडावर थंड काच धरून दाखवली. काच धूसर झाली. तरी मी म्हटलं ओतूया, उद्या क्रेनवाला नाही.

डोकं नीट भरलं. धडाच्या साच्याने धातू आत गेल्या गेल्या फुरफुर सुरू केली, रायझरमधून, म्हणजे साच्यातली हवा निघायच्या नळीतून, ठिणग्या हातभर वर आल्या. सगळे मागे पळालो. कुणाला भाजलं नाही, माझ्या एका बुटाचं टोक जळलं. साचा फोडला तर डाव्या खांद्यावर तळहाताएवढं भोक आणि पाठभर छिद्रं, मुंग्यांच्या वारुळासारखी.

ओल राहिलेल्या साच्यात धातू ओतू नका. पुतळा जातो ते परवडलं, माणूस जाऊ शकतो. काच धूसर झाली की घरी जा.

गेलेला खर्च: लाकूड, प्लास्टर, मेण, क्रेन आणि मजुरी मिळून ३८,५०० रुपये. धातू परत वितळवता येतो, पण त्यातही घट आहे.

काका एवढंच म्हणाले, "घाई कुणाला हुती?"

२० जुलै

रबराचा साचा होता म्हणून वाचलो. धडाचं मेण पुन्हा काढलं, या वेळी जाडी सुईने टोचून मोजली. पंचगंगेचं पाणी वाढतंय, आमच्या भागात पावसाळ्यात सगळं सामान माळ्यावर न्यावं लागतं. मेणाचं धड वर नेताना जिन्यात उपरण्याची कड तुटली. चिकटवली.

१० ऑगस्ट

दुसरं ओतकाम. साठ तास जाळ, सुकं लाकूड विकत घेऊन. काच स्वच्छ. धड आलं. सांगण्यासारखं काही नाही, आणि तेच बरं.

१७ ऑगस्ट ते १२ सप्टेंबर

काही नाही. गणपती. माझा मदतनीस कुंभाराच्या घरचा, महिनाभर त्याचा फोनही लागला नाही. मीही रोजचा खर्च काढायला दोन मंडळांच्या मूर्ती रंगवल्या.

२१ सप्टेंबर

जोडकाम. वेल्डर सहा दिवस, १५ हजार. या धातूत शिसं असल्यामुळे वेल्डिंग करताना बुडबुडे येतात, एक इंच जोडायला तीनदा घासावं लागलं. बाजारची सिलिकॉन ब्राँझची कांडी वापरली, ती छान बसते. घासून, ठोकून जोड नाहीसा झाला. म्हणजे असं वाटलं.

वजन ११८ किलो. अंदाज ९० चा होता. जूनमध्ये डोक्याच्या आतही मेण जाड राहिलं होतं त्याचा हिशेब हा.

५ ऑक्टोबर

रंग. ब्लोटॉर्चने तापवून लिव्हर ऑफ सल्फर, म्हणजे धातू काळपट करणारं गंधकाचं रसायन, मारलं, तपकिरी यायला लागला आणि जोडाची रेघ वर आली, उजव्या खांद्याखालून पाठीपर्यंत, फिकट. दोन धातू, दोन रंग. कांडी त्याच धातूची, ओतकामाच्या रनरमधून (धातू साच्यात जायच्या वाटेत गोठलेल्या तुकड्यांतून) ओतून घेतली असती तर एवढं दिसलं नसतं. रनरचे तुकडे मी आधीच भट्टीत परत टाकले होते. फेरिक नायट्रेट या दुसऱ्या रंगरसायनाचे हात देऊन रेघ बरीच दाबली. समोरून अजिबात दिसत नाही.

१२ ऑक्टोबर

पाटीच्या मजकुरावरून मंडळाची बैठक, मला उगाच बोलावलं. मसुद्यात "थोर धर्मशास्त्रज्ञ" होतं. तत्त्वज्ञानवाले सर म्हणाले, मराठीत धर्मशास्त्र म्हटलं की स्मृती, प्रायश्चित्त आणि सोवळं आठवतं. ज्या माणसाने अस्पृश्यतेविरुद्ध आयुष्य घातलं त्याला तेच विशेषण लावायचं? "धर्मचिंतक" कुणाला हलकं वाटलं, "धर्मतत्त्वज्ञ" कुणाला जड. चहा दोनदा झाला. शेवटी "धर्माचे तौलनिक अभ्यासक आणि अस्पृश्यतानिवारक". लांब आहे, पण खरं आहे. अक्षरामागे पैसे घेणारा पाटीवाला तेवढा खूश झाला.

२६ ऑक्टोबर

पुतळा छोटा हत्ती टेम्पोतून कॉलेजवर. क्रेनने उचलला, चौथऱ्यावर धरला, बोल्ट बसेनात. चौथऱ्यातले चार स्टेनलेस बोल्ट गवंड्याने मी दिलेल्या पट्टीवर बसवले होते, आणि ती पट्टी मी फेब्रुवारीत मातीच्या पाटावरून कापली होती. मेण आकसतं, धातू आकसतो. अठरा इंचांच्या अंतरात सव्वादोन सूत, म्हणजे पाव इंचाहून थोडा जास्त फरक. क्रेन तासावर चालू. उद्यमनगरात प्लेट नेऊन भोकं लांबट करून आणली, तीन तास गेले, क्रेनचे ४,२०० जादा.

पट्टी नेहमी तयार धातूवरून काढा. तळाला पाणी निघायला भोक ठेवा, मी ठेवलं होतं. एवढी एक गोष्ट पहिल्याच वेळी बरोबर.

खाली उभा राहून बघितलं. साडेअकराचं ऊन. डोळे दिसतात.

९ नोव्हेंबर

सकाळी सचिव सरांचा फोन, नुसतं हसत होते. पाटी बसली. काळा ग्रॅनाइट, पांढरी अक्षरं. मसुद्यात शेवटची ओळ होती "माजी विद्यार्थी मंडळातर्फे". कोरणाऱ्याला जागा पुरेना, त्याने ओळ मोडली आणि खालची विशेषणं बारीक करून बाजूला घेतली. वाचताना असं येतं:

महर्षी विठ्ठल रामजी शिंदे
१८७३–१९४४
माजी विद्यार्थी

आणि पार खाली, चौकटीला टेकून, "मंडळातर्फे".

पहिल्या वर्षाच्या एका मुलाने शिपायाला विचारलंही, हे कुठल्या बॅचचे? शिपाई म्हणाला, लई जुन्या.

नवी पाटी ६,८०० रुपये. मसुदा देताना नुसता मजकूर देऊ नका, ओळी पाडून, छापून, सही करून द्या. हे माझं काम नव्हतं, तरी निम्मे पैसे मी दिले. बदललेल्या मातीचं मंडळाने काही मनावर घेतलं नव्हतं.

३० नोव्हेंबर

मेणाचा हात द्यायला गेलो. हिशेब असा: हातात आलेले ३ लाख २५ हजार, गेलेले २ लाख ९३ हजार. दहा महिन्यांचे माझे ३२ हजार.

पुतळा लायब्ररीकडे तोंड करून आहे. कॅन्टीनचा कट्टा त्याच्या पाठीमागे, आणि मुलं बसतात ती तिथे. जानेवारीत जागा बघायला आलो तेव्हा माणसं कुठून येतात-जातात हे मी बघितलंच नाही, चौथऱ्याचं माप घेऊन परतलो. फेट्याचा शेव काढला ते किती बरं झालं. वेल्डिंगची रेघ मात्र कट्ट्यावरून सरळ दिसते. दोन मुली चहा पीत होत्या, त्यांना विचारलं, काही खटकतं का? एक म्हणाली, "शिलाई आहे ना ती उपरण्याची?"

हो म्हणालो. मार्चमध्ये ऊन तापलं की ब्लोटॉर्च घेऊन येतो असं सरांना सांगून आलोय.